इटालियन वाइन आणि घरचे ताट : तोरीनोतल्या स्वयंपाकघरातले काही प्रयोग

नदीकाठी

आम्ही तोरीनोत, म्हणजे नकाशावरच्या ट्यूरिनमध्ये, राहायला आलो त्या पहिल्या वर्षीच्या ऑक्टोबरात खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आम्हांला बार्बेराची एक बाटली दिली. त्यांच्या भावाच्या मोन्फेर्रातोतल्या बागेतली ती वाइन होती आणि बाटलीवर लेबलही नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी, जेवणाला अजून तासभर अवकाश असताना, आम्ही ती उघडली आणि पुण्याहून आणलेला पातळ पोह्यांचा चिवडा वाटीत काढला. पहिल्याच घोटाला दोघांचेही डोळे मिटले गेले, कारण साखर घालायची राहून गेलेल्या आमसुलाच्या सरबतासारखी ती लागत होती. चार दिवसांनी आजोबा जिन्यात भेटले तेव्हा मी शिष्टाचाराला धरून "छान होती" असे म्हटले, परंतु चेहऱ्याने साथ दिली नसावी, कारण त्यांनी एवढेच विचारले, "बरोबर काय खाल्लेत?"

पुढच्या रविवारी दुपारी ते स्वतःच वर आले. हातात मातीचे एक बुटके भांडे होते. त्याच्या पोटात मेणबत्ती ठेवता येते, म्हणजे वरचा पदार्थ जेवण संपेपर्यंत गरम राहतो. त्यात बान्या काउदा होती. ऑलिव्हच्या तेलात लसूण अगदी मंद आचेवर, तांबूस होऊ न देता, लोण्यासारखी मऊ होईपर्यंत शिजवायची, त्यात खारवलेले अँचोव्ही हे लहान मासे घालून ते पुरते विरघळवायचे आणि मग ढोबळी मिरचीचे तुकडे, कोबीची पाने, उकडलेले बटाटे त्यात बुडवून खायचे, असा हा पिएमोंते प्रांतातला थंडीच्या तोंडावरचा पदार्थ आहे. पहिल्या घासाबरोबर जिभेवर तेलाचा आणि खाऱ्या लसणीचा जाड थर बसला. त्यावर आदल्या आठवड्यातल्याच बार्बेराचा घोट घेतला, तेव्हा तो थर निघून गेला आणि आंबटपणा असा वेगळा जाणवलाच नाही. उलट पिकलेल्या काळ्या चेरीची एक चव मागे राहिली, जी शुक्रवारी कुठेही नव्हती.

आपल्या ताटात मिठाशेजारी लिंबाची फोड वाढतात. तिला कोणी एकटी चोखत बसत नाही आणि वरणभातावर ती पिळल्यानंतर तिला आंबट म्हणून नावेही ठेवत नाही. इटलीतल्या बहुसंख्य वाइन अशा ताटातल्या आहेत, हे मला त्या दुपारी कळले. आपल्याकडे वाइनची गणना 'पेयां'त होत असल्यामुळे ती जेवणाआधी, शेंगदाण्यांबरोबर घेतली जाते, आणि मग "इटालियन वाइन आंबट आणि तुरट असतात" असा निष्कर्ष निघतो, तो त्या बैठकीपुरता खराही असतो. म्हणून येथे लिहिताना मी बाटल्यांची यादी देण्याऐवजी, वाइन आणि घास यांची गाठ घरच्या टेबलावर कशी तपासावी, एवढेच सांगणार आहे.

सुरुवातीला कोणतीही बाटली विशेष महत्त्वाची नाही. एका बशीत चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि थोडी साखर घ्यावी, आणि शेजारी कोणतीही कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली लाल वाइन ठेवावी. आधी नुसता घोट घ्यावा. मग जिभेला लिंबू लावून घोट घ्यावा : वाइन एकाएकी मवाळ, जवळजवळ गोडसर लागते. पाण्याने तोंड धुऊन मिठाची कणी ठेवावी : तुरटपणाची धार बोथट होते आणि फळाची चव पुढे येते. शेवटी साखर : तीच वाइन कडवट, आंबट आणि पातळ वाटू लागते. या तीन घोटांनी मला जे शिकवले, ते लेबले वाचून शिकायला मला कितीतरी महिने लागले असते. अन्न आंबट किंवा खारे असेल तर वाइन सुधारते आणि अन्न गोड असेल तर बिघडते. मांसाला लाल आणि माशाला पांढरी हा नियम त्यानंतरचा आहे, आणि तोही बराच सैल आहे.

गेल्या महिन्यात आम्ही सहा जणांनी मिळून पिएमोंतेच्या तीन लाल द्राक्षांची संध्याकाळ केली. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ६० मिलिलिटरचे बारा पेले भरतात, म्हणजे सहा जणांना एक फेरी नुसती आणि दुसरी अन्नाबरोबर, असा हिशेब नेमका बसतो. क्रम हलक्याकडून भारीकडे ठेवला : दोल्चेत्तो, बार्बेरा, नेब्बिओलो. योगायोगाने या तिघांचा तोडणीचा क्रमही हाच आहे. दोल्चेत्तो सर्वांत आधी पिकते आणि नेब्बिओलोची काढणी ऑक्टोबरपर्यंत लांबते, जेव्हा लांगेच्या टेकड्यांवर सकाळी धुके उतरलेले असते. धुक्याला इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणतात आणि द्राक्षाचे नाव त्यावरूनच पडले, असे पुष्कळ जण मानतात.

दोल्चेत्तोच्या नावात गोडवा असला तरी वाइन कोरडी असते. आंबटपणा कमी, रंग गडद जांभळा, शेवटाला कडू बदामाची किंचित छटा. सलामी, म्हणजे खारवलेल्या मांसाचे काप, आणि भाजून साल काढलेली लाल ढोबळी मिरची यांच्याबरोबर ती कोणाच्याही तक्रारीविना संपली. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही. बार्बेराविषयी वर सांगितलेच आहे.

नेब्बिओलोने मात्र दोन पाहुण्यांना चकवले. रंग इतका फिका, विटकरीकडे झुकणारा, की वाइन हलकी असेल असे वाटावे. वास सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा आणि जरा डांबराचा. आणि घोट घेतल्यावर मात्र काजूचे बोंड चावल्यासारखी हिरड्या आवळणारी तुरट पकड. बारोलो आणि बार्बारेस्को या वाइन याच द्राक्षाच्या होतात. बारोलो विक्रीला येण्याआधी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांतले १८ महिने लाकडात. बार्बारेस्कोला किमान २६ महिने लागतात. आम्ही त्यांच्या निम्म्याहूनही कमी किमतीची 'लांगे नेब्बिओलो' आणली होती. नुसत्या फेरीत चार जणांनी पेला अर्धा ठेवला. नंतर कोकराच्या खांद्याचे मांस, जे तीन तास कांदा, गाजर, सेलरी आणि त्याच द्राक्षाच्या वाइनमध्ये झाकण लावून शिजवले होते, ते वाढले. वाइनमधले टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, लाळेतल्या प्रथिनांना पकडते म्हणून तोंड कोरडे पडते; मांसातली प्रथिने आणि चरबी मध्ये आली की ते त्यांच्याशी गुंतते आणि जीभ मोकळी राहते. हे कारण मला वाचून ठाऊक होते, पण ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनीही अर्धे ठेवलेले पेले आपणहून पुढे ओढले.

फसलेला भाग सांगितला नाही तर वर्णन अपुरे राहील. शेवटी उत्साहाने मी गाजर हलवा आणला आणि कोणीतरी उरलेली नेब्बिओलो त्याबरोबर घेतली. साखरेचा प्रयोग आम्ही दोन तासांपूर्वीच केला होता, तरीही सहाही जणांनी तो हलव्यावर पुन्हा करून पाहिला आणि सहाही जणांची तोंडे वाकडी झाली.

आपले अनुभव, विशेषतः फसलेले, अवश्य लिहावेत.

तिखटमीठ

लेख वाचला आणि माझ्या मनातली एक जुनी तक्रार वर आली. इटालियन अन्न सौम्य असल्यामुळे तेथे हे सर्व जुळत असेल. परंतु आमच्या घरी कोल्हापुरी पद्धतीचा तांबडा रस्सा होता आणि परदेशातून आलेल्या मेहुण्यांनी किआंती क्लासिकोची बाटली आणली होती. मटणाबरोबर लाल वाइन, या न्यायाने आम्ही ती मोठ्या अपेक्षेने उघडली. दुसऱ्या घासाला माझ्या कानांतून वाफा निघत होत्या आणि वाइनची चव तर नुसती कडू आणि गरम अशीच राहिली. वाइन महाग होती, रस्सा नेहमीचाच होता. मग रस्सा अधिक तिखट कसा झाला? शिवाय बारोलोसारख्या वाइनला लिंबाच्या फोडीच्या पंगतीला बसवणे मला पटलेले नाही. काही वाइन स्वतःच्या बळावर उभ्या राहण्याजोग्या असतात.

नदीकाठी

तिखटमीठ, आपला दुसरा मुद्दा मी अर्धा मान्य करते. वीस वर्षे मुरलेली बारोलो एकटी प्यायला हरकत नाही, तिच्यातले टॅनिन तोवर निवळलेले असते. परंतु बाजारात मिळणारी चार-पाच वर्षांची बारोलो जेवणाविना उघडणे म्हणजे न मुरलेले लोणचे चाखून त्याच्यावर मत देण्यासारखे आहे.

रश्शाचे कारण सरळ आहे. मिरचीतला तिखट घटक जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवतो, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. किआंतीत तो साधारण १३ ते १४ टक्के असतो आणि वर टॅनिनचा खरखरीतपणा असतो. त्यामुळे मटणाशी जुळणारी वाइन मिरचीशी भांडते, आणि आपल्या रश्शात मटणापेक्षा मिरचीचा शब्द मोठा असतो. अशा वेळी चार गुण शोधावेत : मद्यार्क कमी, टॅनिन कमी, थोडा गोडवा आणि गारवा.

आस्तीच्या टेकड्यांतली मोस्कातो द'आस्ती या वर्णनात नेमकी बसते. आंबवण्याची क्रिया वाइन थंड करून मध्येच थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची स्वतःची साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क ५ टक्क्यांच्या आसपासच थांबतो. जिभेवर बारीक बुडबुडे येतात. हिला लोक गोड पदार्थांबरोबरची म्हणून बाजूला ठेवतात, परंतु आमच्या घरी सुक्या मटणाला तीच असते, फ्रिजमधून काढलेली, अगदी गार. गोड वाइन आणि मटण हे ऐकायला विचित्र वाटते, हे मला मान्य आहे. आंब्याच्या रसाबरोबर तिखट बटाट्याची भाजी खाणाऱ्यांना ते फार विचित्र वाटू नये.

दुसरा पर्याय एमिलिया प्रांतातली लाम्ब्रुस्को, म्हणजे बुडबुड्यांची लाल वाइन. लेबलावर 'सेक्को' असेल तर ती कोरडी, 'आमाबिले' असेल तर गोडसर आणि 'दोल्चे' असेल तर गोड. तिखटाला आमाबिले घ्यावी. तिच्या स्वतःच्या गावी, मोदेनात, ती 'न्योक्को फ्रित्तो'बरोबर घेतात : मैद्याच्या कणकेचे चौकोन तळले की ते पुरीसारखे टम्म फुगतात, आणि त्यांवर खारवलेल्या मांसाचे पातळ काप ठेवतात. वाइनमधले बुडबुडे आणि आंबटपणा हे तळणीच्या तेलाला आणि मांसाच्या चरबीला धुऊन काढतात. मोदेनाच्या एका खानावळीत ते पाहिल्यावर, पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीबरोबर लाम्ब्रुस्को कशी लागेल, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि घरी येऊन मी तो अमलातही आणला. अतिशय चांगली लागते.

द्राक्षबाग

आमच्या घरात तीन पिढ्या द्राक्षे आहेत, त्यामुळे आंबटपणाच्या प्रश्नावर थोडे बागेच्या बाजूने लिहितो. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतात. इटलीत वेल हिवाळाभर पाने गाळून झोपलेली असते, मुख्य छाटणी त्या झोपेतच होते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. म्हणजे आपली द्राक्षे वाढत्या उन्हाच्या दिशेने पिकतात आणि त्यांची उतरत्या उन्हाच्या दिशेने. शेवटच्या आठवड्यांतल्या गार रात्रींमुळे मण्यांमधले आम्ल टिकते. उष्णता वाढत असेल तर साखर भराभर चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरते. धागाकर्तीने ज्याला लिंबाची फोड म्हटले आहे ती या रात्रींची देणगी आहे.

किआंतीचे जे मुख्य द्राक्ष, सांजोवेझे, ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजलाही लावलेले आहे. तेथल्या फ्रातेल्ली वाइनरीच्या नावाचा अर्थच 'भाऊ' असा आहे, कारण ती इटलीतल्या सेक्की, दिल्लीतल्या सेखरी आणि अकलूजच्या मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून उभी केली; वाइन बनवण्याची जबाबदारी तोस्काना, म्हणजे टस्कनी, प्रांतातल्या पिएरो मासी यांच्याकडे होती. त्यांची 'सेत्ते' ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणाची वाइन आहे. माझ्या जिभेला तिच्यात तोस्कानाच्या किआंतीपेक्षा फळ अधिक पिकलेले आणि आंबटपणा मवाळ लागतो. त्यात कमीपणा नाही, ते उन्हाचे खरे उतरणे आहे.

तिखटमीठ यांच्या किआंतीची बाजू घेऊन एक सांगतो. तोस्कानातली पारंपरिक पावरोटी बिनमिठाची असते. नव्या माणसाला ती माती खाल्ल्यासारखी लागते, पण तिच्याबरोबर बडीशेप घातलेली खारट सलामी आणि मेंढीच्या दुधाचे खारे चीज येते, घेवड्याचे आणि टोमॅटोचे दाट सूप येते. टोमॅटो स्वतः आंबट असल्यामुळे त्याच्याबरोबर कमी आंबट वाइन बेचव ठरते, सांजोवेझे टिकते. तुमच्या बाटलीला टोमॅटोच्या साराची आणि साध्या भाजलेल्या मटणाची संगत मिळाली असती, तर मेहुण्यांचा मान राहिला असता.

ओसरी

आमच्या घरी अंडेही येत नाही, परंतु वाइन येते. सलामी, मासे आणि कोकरू वगळल्यास या विषयात आमच्यासारख्यांना काय उरते? दुसरी शंका अशी की वाइन पूर्णपणे शाकाहारी असते असे मी धरून चालले होते. ते बरोबर आहे का?

नदीकाठी

ओसरीताई, दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते. द्राक्षांत काही मांसाहारी नसले तरी वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातले केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो गाळ तळाशी बसल्यावर काढून टाकला जातो. अंडे किंवा दूध यांचा अंश उरला असेल तर युरोपात २०१२ पासून लेबलावर तसे लिहावे लागते, पण जिलेटिन किंवा माशाच्या पदार्थासाठी तशी सक्ती नाही. अनेक उत्पादक आता बेंटोनाइट ही माती वापरतात किंवा वाइन न गाळताच भरतात आणि बाटलीवर 'व्हेगन' असे छापतात. ते पाहून घ्यावे. चीजच्या बाबतीतही जपावे लागेल, कारण पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या पोटातले, दूध गोठवणारे रेनेट असतेच, ते त्याच्या नियमातच आहे.

अन्नाचे म्हणाल तर आपल्याला पुष्कळ उरते. पोलेंटा म्हणजे मक्याच्या भरड पिठाचे, ढवळून ढवळून शिजवलेले उकडीसारखे दाट अन्न; त्यावर लोणी आणि शाकाहारी रेनेटचे वितळणारे चीज घातले की त्याला बार्बेरा फार शोभते. जेनोव्हाकडचे तुळशीच्या जातीच्या पानांचे पेस्तो आणि वेर्मेंतीनो ही पांढरी वाइन एकाच किनाऱ्याची आहेत. पालक आणि रिकोत्ता हे मऊ चीज भरलेल्या पदार्थांना सोआवे ही पांढरी वाइन चालते. आपल्या पदार्थांपैकी सुरळीची वडी आणि प्रोसेक्को ही बुडबुड्यांची पांढरी वाइन, ही जोडी मी स्वतः तपासलेली आहे. एका भाजीपासून मात्र सावध करते : आर्टिचोकमधल्या एका घटकामुळे त्यानंतर तोंडात घेतलेले पाणीसुद्धा गोडसर लागते आणि वाइनची पुरती दिशाभूल होते. इटलीतही त्याबरोबर काय प्यावे यावर एकमत नाही.

बेदाणा

मी मूळचा तासगावचा असून दोन वर्षांपासून कामानिमित्त वेरोनाजवळ आहे, त्यामुळे आमारोने या वाइनचा उल्लेख कोणी केला नाही याचे वाईट वाटले. वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांत कोर्वीना आणि रोंदीनेल्ला या जातींचे घड तोडल्यावर लगेच चिरडत नाहीत; हवा खेळती असलेल्या माळ्यावर, लाकडी किंवा बांबूच्या फळ्यांवर ते तीन-चार महिने सुकवतात. पहिल्यांदा तो माळा पाहिला तेव्हा मी क्षणभर आमच्याकडच्या बेदाण्याच्या शेडमध्येच उभा होतो : तेच थर, तोच गोड, जरा आंबूस वास. फरक एवढाच की आम्ही मणी पूर्ण वाळवतो आणि त्यासाठी डिपिंग ऑइलचा हात देतो, येथे मणी अर्धवट सुरकुतला की थांबतात आणि थंडीच्या भरात त्याचा रस काढतात. साखर दाटलेली असल्यामुळे मद्यार्क १५-१६ टक्क्यांपर्यंत चढतो. आंबवणे आधीच थांबवले तर गोड राहते ती रेचोतो. पूर्ण होऊ दिले तर कोरडी होते ती आमारोने, आणि 'आमारो' म्हणजे कडू.

आता माझे मत. वेरोनात आमारोनेमध्ये शिजवलेला रिसोत्तो, म्हणजे मऊ भाताचा पदार्थ, करतात, जुने चीज देतात. तरीही मला ही वाइन ताटाला भारी पडते असे वाटते. दोन घास झाले की वाइनच जेवते आणि आपण पाहत बसतो. रोजच्या जेवणाला मी 'रिपास्सो' घेतो, जी साधी वाल्पोलिचेल्ला आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर पुन्हा मुरवून करतात. आणि गेल्या होळीला पुरणपोळीबरोबर रेचोतो घेतली. पुरणात जायफळ होते, वर तूप होते. गोड पदार्थाहून वाइन अधिक गोड असावी हा नियम येथे पाळला गेला आणि गाजर हलव्याची गत झाली नाही.

पहाटवारा

तीन छोटे प्रश्न आहेत. पहिला, लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असे सर्वत्र लिहिलेले असते. नागपुरात मे महिन्यात याचा अर्थ काय घ्यावा? दुसरा, मी 'मोंतेपुल्चानो' म्हणून एकदा स्वस्त आणि एकदा तिप्पट किमतीची बाटली आणली, दोन्हींची चव पूर्णपणे वेगळी होती. दुकानदाराने मला फसवले का? तिसरा, लाल वाइनने माशाला लोखंडाची चव येते असे ऐकले आहे, मग बान्या काउदातल्या अँचोव्हींना बार्बेरा कशी चालली?

द्राक्षबाग

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो. ती खोली युरोपातली, जाड दगडी भिंतींची आणि बिनशेगडीची समजावी. म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडे लाल वाइनसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच वाढावी. कोमट लाल वाइनमध्ये प्रथम मद्यार्कच नाकात शिरतो आणि दोष मात्र वाइनला मिळतो.

दुकानदार निर्दोष आहे. 'मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो'मध्ये मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचे नाव आहे आणि आब्रुत्सो हा प्रांत. 'व्हीनो नोबिले दी मोंतेपुल्चानो'मध्ये ते तोस्कानातल्या गावाचे नाव आहे आणि द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे. त्याचबरोबर गळ्यावरच्या सरकारी पट्टीविषयीही सांगून ठेवतो : डीओसी हा कायदा १९६३ चा असून ती आणि वरच्या पायरीची डीओसीजी या दोन्ही खुणा वाइन कोठली आणि कोणत्या नियमांनी केली याची हमी देतात, ती तुम्हांला आवडेल याची नाही. तोस्कानाची प्रसिद्ध सासिकाया १९६८ च्या हंगामाची म्हणून प्रथम बाजारात आली, तेव्हा नियमांत न बसणारी द्राक्षे वापरल्यामुळे तिच्यावर साधी 'टेबल वाइन' असेच लिहिलेले होते.

नदीकाठी

पहाटवारा, तिसऱ्या प्रश्नाने मला आठवडाभर कामाला लावले. लाल वाइनमधले लोह माशाच्या तेलाशी मिळाले की ती धातूसारखी, शिळ्या माशासारखी चव तयार होते, हे आपण ऐकलेले बरोबर आहे. बान्या काउदात मासा महिनोन्महिने मिठात मुरलेला असतो आणि लसणीच्या तेलात विरघळून गेलेला असतो. तेथे तो माशापेक्षा मिठाचे काम अधिक करतो, शिवाय बार्बेरात टॅनिन थोडे असते, असे माझे अनुमान होते. ते तपासण्यासाठी शनिवारी पोर्ता पालात्सोच्या बाजारातून अर्धा किलो ताजे अँचोव्ही आणले. आपली मांदेली याच कुळातली, त्यामुळे आईच्या पद्धतीने डोकी काढून, हळद, तिखट आणि शिल्लक असलेले शेवटचे दोन चमचे आगळ लावून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळले. एका पेल्यात बार्बेरा, दुसऱ्यात गावी, म्हणजे पिएमोंतेच्या आग्नेय कोपऱ्यातली कोर्तेझे द्राक्षाची पांढरी वाइन. बार्बेराच्या पहिल्याच घोटाला जुने पाच पैशांचे नाणे जिभेवर ठेवल्यासारखे झाले. गावीने मात्र तळण, आगळ आणि मासा या तिघांनाही व्यवस्थित सांभाळले; तिखट मी नेहमीच्या निम्मे घातले होते, हेही सांगायला हवे.

खालच्या आजोबांना एक बशी नेऊन दिली. त्यांनी चार मासे काट्यांसकट खाल्ले, आगळाविषयी दोनदा विचारले आणि मग आत जाऊन स्वतःच गावीची बाटली घेऊन आले.

बार्बेराची उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती, अशी ती दोन-तीन दिवस चांगली राहते. सोमवारी लसणीच्या चरचरीत फोडणीचे पिठले आणि भाकरी केली, बाटली तासभर आधी बाहेर काढून ठेवली, आणि जेवण संपले तेव्हा तीही संपलेली होती.